कमावता झालास की फेड

१९३८ साली आग्नेय नायजेरियातल्या इबिबिओ लोकांनी आपल्यातले सहा तरुण शिकायला परदेशी पाठवले. मुलूख पाम तेलाचा, जिल्हे सहा, आणि प्रत्येक जिल्ह्याचा एक मुलगा. खर्च ब्रिटिश सरकारचा नव्हता, मिशनचाही नव्हता. दहा वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या इबिबिओ संघाने गावोगाव पट्टी बसवून ही रक्कम उभी केली होती. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला असला तरी त्या पलीकडचं विद्यापीठ पाहण्याची सुतराम शक्यता नव्हती.

त्या सहांपैकी एक एगबर्ट उडो उडोमा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डला ते कायदा शिकले. परत येऊन त्यांनी वकिली केली, ज्या संघाच्या पैशावर शिकले त्याच संघाचं अध्यक्षपद अनेक वर्षं सांभाळलं, पुढे युगांडाचे सरन्यायाधीश झाले आणि मग नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयात बसले. पट्टी देणाऱ्यांना व्याज मिळालं नाही, मुद्दलही नाही. गावाच्या जमिनीचा खटला लढायला, साहेबाशी त्याच्याच भाषेत बोलायला आपला माणूस मिळाला. हिशेब तेवढ्यावर मिटला.

गरीब घरातल्या हुशार मुलाच्या शिक्षणातली अडचण तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे. फी आज भरायची असते, कमाई पाच-सात वर्षांनी सुरू होणार असते, आणि ती होईलच याची खात्री कोणी देत नाही. सावकाराला तारण लागतं. शेत गहाण ठेवता येतं, म्हैस ठेवता येते, पोराचं डोकं ठेवता येत नाही. मग मधल्या वर्षांची जोखीम घ्यायची कोणी? आफ्रिकेत गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला भाऊबंदांनी, सरकारांनी आणि आता गुंतवणूकदारांनी आपापली उत्तरं दिली. ‘आता शीक, कमावता झालास की कमाईतला वाटा दे’ हे त्यांतलं सध्याचं गाजणारं उत्तर. नवं म्हणून ते मांडलं जातं, पण त्याच्या मागे बरीच पडझड आहे.

इबिबिओंचे शेजारी इग्बो. त्यांच्यात व्यापार शिकवण्याची एक जुनी उमेदवारी आहे. घरचे लोक पोराला नात्यातल्या किंवा गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे सोपवतात. व्यापारी ‘ओगा’, म्हणजे मालक. मुदत साधारण पाच ते आठ वर्षांची. पोरगा ओगाच्या घरी राहतो, त्याचंच खातो, सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडतो आणि गाठोडी वाहतो. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भाव सांगायचा, कोणाला उधार द्यायचं, कोणाला हसून टाळायचं हे तो उभ्या-उभ्या शिकतो. पगार नसतो. मुदत संपली की ओगा त्याला ‘सेटलमेंट’ देतो, म्हणजे स्वतःचं दुकान थाटण्यापुरतं भांडवल, कधी रोख, कधी मालाच्या रूपात. काही वर्षांनी त्याच दुकानात दुसरा पोरगा झाडू हातात घेऊन उभा असतो.

इग्बोंच्या फुटून निघालेल्या बिआफ्रा राज्याने १९६७ ते १९७० या काळात नायजेरियाशी लढलेल्या युद्धानंतर या पद्धतीची कसोटी लागली. इग्बो हरले होते. बँकेत पूर्वी कितीही रक्कम असो, खातेदाराच्या हाती सरकारने सरसकट वीस पौंड टेकवले. त्या वीस पौंडांवर आणि एकमेकांच्या पोरांना उमेदवार म्हणून घेण्यावर ओनित्शा शहराचा बाजार पुन्हा उभा राहिला. न्नेवी शहर मोटारीच्या सुट्या भागांसाठी नावाजलं, लागोसचा अलाबा बाजार इलेक्ट्रॉनिक मालासाठी. न्नेवीत आज इनोसन नावाचा मोटारींचा कारखाना आहे. त्याचे संस्थापक इनोसंट चुक्वुमा यांनी धंद्याचे पहिले धडे सुट्या भागांच्या दुकानातच गिरवले.

या व्यवस्थेत कागद नाही, पण तारण आहे. ते म्हणजे गाव. ओगाने सेटलमेंट बुडवली किंवा पोराने गल्ल्यात हात घातला, तर त्याचा निवाडा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर होतो. या व्यवस्थेच्या मर्यादाही याच गावकीतून येतात. ज्याला नात्यात व्यापारी नाही त्याला ओगा मिळणं कठीण. शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घालून पोराला हाकलणारे ओगाही असतात. आणि हे दार बहुतेक मुलग्यांसाठीच उघडं राहिलं. इबिबिओ संघाने पाठवलेले सहाही जण पुरुषच होते.

पूर्व आफ्रिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. केनिया, युगांडा आणि टांगानिका मिळून विद्यापीठाचं शिक्षण म्हणजे कंपालाचं मकेरेरे, आणि तिथल्या जागा मोजक्या. नैरोबीत तंत्रशिक्षणाचं मोठं कॉलेज असावं ही मागणी १९५०च्या सुमारास जोर धरू लागली, तेव्हा तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत एक मराठी माणूस होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतातल्या कॉलेजांत शिकता यावं म्हणून भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या मिळवून देणं हे त्यांनी आपल्या कामाचं अंग मानलं. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी गांधीजींच्या स्मरणार्थ वर्गणी गोळा केली होती. तिचं वेगळं भारतीय कॉलेज काढण्याऐवजी ती रक्कम सर्व वंशांच्या मुलांना प्रवेश असलेल्या रॉयल टेक्निकल कॉलेजला जोडण्यात आली, आणि १९५६ मध्ये ते सुरू झालं. आजचं नैरोबी विद्यापीठ ते हेच. त्याच्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ उठावाच्या काळात आफ्रिकी पुढाऱ्यांशी असलेली पंतांची सलगी गोऱ्या वसाहतवाल्यांना खुपली आणि १९५४ मध्ये त्यांची तिथली कारकीर्द संपली.

त्याआधी वीसेक वर्षं याच किनाऱ्यावर आणखी एक मराठी माणूस शिक्षणासाठीच झोळी घेऊन फिरला होता. सत्तरी ओलांडलेले धोंडो केशव कर्वे १९३१-३२ मध्ये मोंबासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हिंडले. पैसा हवा होता महिला विद्यापीठासाठी, आणि देणारे होते तिथले भारतीय दुकानदार, कारकून, रेल्वेतले नोकर. दुसऱ्याच्या मुलामुलींच्या शिक्षणाला वर्गणी देण्याची या पेठांना सवय होती.

केनियन पुढारी टॉम म्बोया यांनी १९५९ मध्ये अमेरिकेकडे मोर्चा वळवला. तिथल्या कॉलेजांकडून शिष्यवृत्त्या मिळाल्या, विमानभाड्यासाठी बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, गायक हॅरी बेलाफॉन्टे, अभिनेते सिडनी पॉटिए यांनी आवाहन केलं, आणि त्या सप्टेंबरात ८१ विद्यार्थ्यांना घेऊन पहिलं विमान उडालं. पुढच्या वर्षी केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानने एक लाख डॉलर दिले. त्या वर्षी गेलेल्यांत पुढे शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या वंगारी माथाई होत्या. १९६३ पर्यंत जवळपास आठशे जण असे गेले. विमानाचं भाडं अमेरिकेतून आलं, तरी कपडे, पेटी, हातखर्च आणि पहिल्या सत्राची बेगमी गावानेच केली. त्यासाठी गुरं विकली, चहाचे समारंभ करून ताटात नाणी टाकली. सगळ्यांनी मिळून एकदम जोर लावायचा, या ‘हरांबी’ नावाच्या रीतीला केनियाचे पहिले अध्यक्ष केनियाट्टा यांनी स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय घोषणाच करून टाकलं.

स्वातंत्र्य आलं आणि सरकारांनी गावाची जागा घेतली. साठच्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या विद्यापीठांत फी जवळजवळ नव्हतीच. राहणं-जेवण सरकारी, वर हातखर्चाला भत्ता. बदल्यात पदवीधराने तीन वर्षं सरकारी नोकरी करायची. साहेब गेले होते, खुर्च्या रिकाम्या होत्या, नोकरीचा प्रश्नच नव्हता. इबिबिओ गावाने जे तोंडी ठरवलं होतं, तेच इथे सरकारी कागदावर उतरलं होतं.

पण खुर्च्या भरत गेल्या आणि विद्यार्थी वाढत गेले. सत्तरीच्या सुरुवातीला एकामागून एक सरकारं कर्जाकडे वळली. घानात पंतप्रधान बुसिया यांच्या सरकारने १९७१ मध्ये विद्यार्थी कर्ज आणलं. विद्यार्थी खवळले, आणि जानेवारी १९७२ मध्ये लष्कराने बुसियांना हटवल्यावर योजना गुंडाळली गेली. नायजेरियाने १९७२ मध्ये हुकूम काढून विद्यार्थी कर्ज मंडळ नेमलं. केनियात परदेशी शिकणाऱ्यांसाठी वसाहत सरकारने १९५२ मध्येच कर्जनिधी काढला होता. १९७४ मध्ये देशातल्या विद्यापीठांसाठीही कर्ज सुरू झालं. तिन्ही योजनांमागे एकच चित्र होतं: मुलगा पदवी घेईल, कचेरीत लागेल, महिन्याच्या महिन्याला पगार घेईल आणि पगारातून हप्ता कापला जाईल.

नेमक्या त्याच वर्षांत, त्याच शहरांत, दुसरं चित्र कागदावर येत होतं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी अक्राच्या निमा वस्तीत राहून पाहिलं होतं की, शहरातले गरीब ‘बेकार’ म्हणून मोजले जातात, पण ते रिकामे बसलेले नाहीत. कोणी शिवतो, कोणी विकतो, कोणी दुरुस्त करतो, कोणी उसने पैसे फिरवतो. १९७१ मध्ये एका परिषदेत त्यांनी या कमाईला ‘अनौपचारिक’ म्हटलं. पुढच्याच वर्षी हान्स सिंगर आणि रिचर्ड जॉली यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं पथक केनियात आलं, आणि त्याच्या अहवालाने हा शब्द जगभर नेला. नैरोबीत काम करणारे बरेच हात कोणत्याही पगारपत्रकावर नाहीत, असं त्या अहवालात छापून आलं. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच नैरोबीत पगारपत्रकावर टेकलेली कर्ज योजना सुरू झाली.

ते हात पाहायचे तर कामुकुंजीला जावं. नैरोबीच्या बाजाराला लागून असलेला हा पत्राकामाचा अड्डा. शंभर पावलांवरूनच हातोड्यांचा आवाज कानठळ्या बसवतो. जुनी पिंपं कापून, ठोकून त्यांचे सपाट पत्रे केले जातात, पत्र्यांच्या कोळशाच्या शेगड्या, कढया, एकचाकी ढकलगाड्या, आणि शाळा उघडायच्या दिवसांत निळ्या-हिरव्या रंगाच्या पेट्या. निवासी शाळेत जाणाऱ्या केनियन मुलाला कुलूप लावता येणारी पत्र्याची पेटी लागते. ती इथे होते. एक जण पत्रा आखतो, दुसरा कडा दुमडतो, तिसरा कडी-कोयंडा बसवतो. नवा पोरगा आधी उस्तादाला शिकवणीचे पैसे देतो, किंवा काही महिने फुकट राबतो. कडा सरळ येऊ लागली की नगावर पैसे मिळतात. स्कॉटिश अभ्यासक केनेथ किंग यांनी १९७७ मध्ये आफ्रिकी कारागिरांवर पुस्तक लिहिलं, त्यात नैरोबीच्या पत्राकामाची परंपरा भारतीय कारागिरांच्या वर्कशॉपपर्यंत मागे नेऊन दाखवली आहे. या धंद्याला ‘जुआ काली’ म्हणतात, उन्हातलं काम. इथल्या कमाईचा हप्ता कापायला कोणता कारकून येणार होता?

तो आला नाही. केनियाच्या १९७४च्या योजनेत वसुलीला कायद्याचं बळ नव्हतं, आणि लोकांनी त्या कर्जाला सरळ सरकारी देणगी मानलं. मागायलाच कोणी येत नाही ते कर्ज कसलं, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. खातं शिक्षण मंत्रालयाचं. पैसे वाटणं त्याला जमलं, माणूस शोधणं जमलं नाही.

घानाने १९८८च्या सुमारास दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा सामाजिक सुरक्षा निधीला मध्ये घातलं. विद्यार्थ्याने निधीत वर्गणी भरणारे नोकरदार जामीन आणायचे. कर्ज फिटलं नाही तर त्या जामिनांचं निवृत्तीचं येणं अडकायचं. म्हणजे पुतण्या अक्रात नोकरी शोधत हिंडतोय आणि तिकडे कुमासीत काकांची फाइल निवृत्तीनंतरही पुढे सरकत नाही. गाव तारण ठेवण्याची जुनीच रीत होती ही, फक्त आता निवाड्याला वडीलधारे नव्हते, संगणकाचा छापील कागद होता. शिवाय ज्या घरात कोणीच नोकरदार नाही, त्या घराने जामीन आणायचा कुठून?

केनियाने १९९५ मध्ये कायदा करून उच्च शिक्षण कर्ज मंडळ स्थापन केलं. तोवर विद्यापीठांत फी आली होती आणि जागतिक बँकेच्या आग्रहाने ‘खर्चात वाटा’ हा परवलीचा शब्द झाला होता. नव्या कायद्याने मालकाला कामाला लावलं. कर्जदार नोकरीला लागला की मंडळाला कळवायचं, पगारातून कापायचं, न कापल्यास दंड. २००७ मध्ये एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा आल्यावर मोबाइलवरून हप्ता भरणंही सोपं झालं. वसुली सुधारली यात शंका नाही. पण पगार नसलेल्या माणसाशी बोलायची भाषा या मंडळाकडे नव्हती. सरकारी नोकरीचा अर्ज करायचा तर तिथे मंडळाचा ‘बाकी नाही’ किंवा ‘हप्ते चालू आहेत’ असा दाखला मागत. पोलिसांचा, कर खात्याचा, पतमापन संस्थेचा आणि हा, असे कागद जमवत बेकार पदवीधर खिडक्या झिजवत असे. नोकरी मिळाली तर कर्ज फिटेल, आणि कर्जाची व्यवस्था केल्याशिवाय नोकरीच्या रांगेत उभं राहता येत नसे.

हप्ता कर्जाच्या आकारावरून न ठरवता कमाईच्या आकारावरून ठरवावा, ही कल्पना दरम्यान दुसरीकडे वाढत होती. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये लिहिलं की, कंपनीत भागभांडवल घालावं तसं माणसाच्या शिक्षणात घालावं आणि पुढच्या कमाईतला हिस्सा घ्यावा. १९७१ मध्ये येल विद्यापीठाने अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांच्या कल्पनेवरून ते करून पाहिलं. दर हजार डॉलर उसनवारीमागे वार्षिक उत्पन्नाच्या ०.४ टक्के, आणि संपूर्ण तुकडीचं कर्ज फिटेपर्यंत किंवा ३५ वर्षं देत राहायचं. गोम त्या ‘संपूर्ण तुकडी’त होती. बक्कळ कमावणाऱ्यांनी एकरकमी पैसे भरून सुटका करून घेतली, काहींनी बुडवलं, आणि मधल्या कमाईचे शिक्षक, समाजसेवक दोघांचाही भार वाहत राहिले. १९७८ नंतर नवे विद्यार्थी घेणं बंद झालं आणि वीसेक वर्षांनी येलने उरलेलं येणं सोडून दिलं. ऑस्ट्रेलियाने मात्र १९८९ मध्ये अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांच्या आराखड्यावर देशव्यापी योजना आणली आणि ती टिकली. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की कर खातं वाटा कापतं, खाली आलं की थांबतं. तिथे बहुतेक सगळी कमाई कर खात्याला आधीच ठाऊक असते.

आफ्रिकेत या वाटेने जाणारा मोठा देश दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या अखेरच्या वर्षांत, १९९१ मध्ये, सुरू झालेल्या निधीतून १९९९च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यार्थी साहाय्य योजना उभी राहिली. परतफेड उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपासून चढत आठ टक्क्यांपर्यंत. विद्यार्थी नीट पास होत गेला तर कर्जाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग शिष्यवृत्ती होऊन माफ. कागदावर याहून समंजस योजना क्वचितच सापडेल. पण विद्यापीठांची फी निधीपेक्षा वेगाने वाढली, अर्धवट शिक्षण सोडलेल्यांच्या डोक्यावर पदवीविना कर्ज राहिलं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘फी पडलीच पाहिजे’ म्हणत विद्यार्थी थेट संसदेच्या दारात उभे राहिले. पुढच्या वर्षाची फीवाढ रद्द झाली. डिसेंबर २०१७ मध्ये अध्यक्ष झुमा यांनी वार्षिक साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी उच्च शिक्षण मोफत जाहीर केलं आणि कर्जाची जागा अनुदानाने घेतली. इथिओपियाने २००३ मध्ये ‘पदवीधर कर’ या नावाने उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची अट घातली. त्यात शिक्षक होणाऱ्याला पैशांऐवजी सेवेने फेडण्याची मुभा ठेवली.

सरकारांच्या या चढउतारात खासगी हात पुढे आले. २०१४ मध्ये लागोसमध्ये सुरू झालेल्या अँडेला कंपनीने तरुणांना फी न घेता, उलट पगार देऊन, सॉफ्टवेअर शिकवलं आणि अमेरिकन कंपन्यांच्या कामावर लावलं. तरुणाने चार वर्षं बांधून घ्यायची. बारकाईने पाहिलं तर ही उमेदवारीच होती, ओगा फक्त न्यू यॉर्कहून बोलत होता. २०१६ मध्ये मार्क झुकरबर्ग यांच्या संस्थेच्या पुढाकाराने गुंतवणूकदारांनी त्यात २ कोटी ४० लाख डॉलर घातले. तीन वर्षांनी गिऱ्हाइकांना नवशिके नकोत, मुरलेले हवेत, असं दिसलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नायजेरिया, युगांडा, केनियातल्या चारशेच्या आसपास कनिष्ठ अभियंत्यांना कमी करण्याचा निर्णय झाला. हुन्नर खोटा नव्हता, पण त्याचा बाजार दुसऱ्या खंडात होता.

रवांडातली खटपट जर्मनीतून आली. विटेन-हर्डेके या खासगी विद्यापीठाने १९९५ मध्ये फी सुरू केली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच संस्था काढून ठरवलं की, आज फी संस्था भरेल, पदवीनंतर प्रत्येकाने ठरावीक वर्षं कमाईचा ठरावीक हिस्सा परत द्यावा आणि त्यातून मागच्यांची फी निघावी. या विचाराच्या लोकांनी पुढे ‘चान्सेन’ नावाची सहकारी संस्था काढली, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय शाखेने २०१८ नंतर किगालीत काम सुरू केलं. सुरुवातीच्या भागीदारांत तरुण स्त्रियांना रोजगाराभिमुख पदविका देणारी अकिला ही संस्था होती. ज्या मुलींच्या नावावर जमीन नाही आणि पाठीशी जामीन नाही, त्यांना तारणाशिवाय शिकता यावं हा हेतू.

अशा करारात चार आकडे पाहावे लागतात: कमाई किती झाल्यावर देणं सुरू होतं, कमाईचा किती हिस्सा द्यायचा, किती महिने द्यायचा, आणि एकूण किती दिल्यावर सुटका. समजा केनियात मर्यादा महिना २०,००० शिलिंगची, हिस्सा दहा टक्के. हॉटेलच्या स्वागतकक्षात मुलीला ३०,००० मिळाले तर ३,००० जातील. करोनासारख्या साथीत हॉटेल बंद पडून ती १२,००० वर आली तर काहीच जाणार नाही. साध्या कर्जाचा ३,००० चा हप्ता मात्र तेव्हाही दारात उभा असता. आता चौथा आकडा करारात नाही असं धरा. तीच मुलगी मोठ्या पदावर गेली तर फीच्या कितीतरी पट रक्कम देत राहील. म्हणून ही कमाल मर्यादाच करार माणुसकीचा की सावकारीचा हे सांगून जाते.

अमेरिकेत हा धडा महागात पडला. लॅम्डा स्कूल या ऑनलाइन शाळेने ‘नोकरी लागेपर्यंत एक पैसा नको’ म्हणत वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर कमाई गेली की दोन वर्षं १७ टक्के, कमाल ३०,००० डॉलर, असे करार केले. पुढे तिने नाव बदलून ब्लूमटेक केलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने तिच्यावर कारवाई केली. हे करार कर्जच होते, तसं न सांगता दिले, आणि नोकरी लागण्याचं प्रमाण फुगवून सांगितलं, असा ठपका ठेवला. कमाईतला वाटा घेणाऱ्याने कमाई घडवून आणायचीही जबाबदारी घेतली पाहिजे. करार विकणाऱ्यांनी ते सोयीने विसरायला सुरुवात केली होती.

आफ्रिकेतली अडचण त्याच्याही आधीची. श्रम संघटनेच्या अंदाजानुसार खंडातल्या दर शंभर कामकऱ्यांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास आजही अनौपचारिक कामात आहेत. त्यामुळे कमाईवर बेतलेले करार साहजिकच परिचारिका, हॉटेल, संगणक अशा पगारपत्रक देणाऱ्या पेशांकडे झुकतात. सुतार, शिंपी, वेल्डर यांच्यापर्यंत ते क्वचित पोचतात, आणि हुन्नरी कामाची सर्वांत जास्त शिकवणी तर तिथेच चालते.

नायजेरियाने नुकताच या गाठीला हात घातला आहे. जून २०२३ मध्ये अध्यक्ष टिनुबू यांनी विद्यार्थी कर्जाच्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्यात दोन जामीन हवे होते, तेही वरच्या श्रेणीचे सरकारी नोकर, दहा वर्षं वकिली केलेले वकील किंवा न्यायाधिकारी अशा पात्रतेचे. बापाने पूर्वी कर्ज बुडवलं असेल तर पोराला कर्ज नाही, अशीही अट होती. टीकेचा भडिमार झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये नवा कायदा आला. जामीन गेले, बापाचा गुन्हा गेला. एक वर्षाची राष्ट्रीय युवा सेवा संपल्यावर दोन वर्षं थांबून वसुली सुरू होईल, नोकरदाराच्या पगारातून मालक दहा टक्के कापेल. नोकरी नसलेल्याने तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ते खोटं निघालं तर शिक्षा. आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याने दर महिन्याला नफ्याचे दहा टक्के भरायचे, धंद्याचा पत्ता, नोंदणी आणि बँकेचा तपशील निधीला कळवायचा. १९७२च्या कर्ज मंडळाने ज्या माणसाचा विचारच केला नव्हता, तो दुकानदार पहिल्यांदा कायद्याच्या कलमात आला. अर्ज मे २०२४ पासून घेतले जाऊ लागले. सवलतीची वर्षं धरता मोठ्या वसुलीला अजून अवकाश आहे, आणि वही न ठेवणाऱ्या दुकानात नफा कोणी मोजायचा याचं कलम या कायद्यात अजून लिहिलेलं नाही.